माणूस मनातून उतरला, आवाज उतरत नाही

वाचकाचा प्रश्न (पत्राचा सारांश)

पत्रलेखिका ४६ वर्षांच्या आहेत. वयाच्या १७ व्या वर्षापासून त्या एका गायकाच्या चाहत्या आहेत आणि गेली १४ वर्षं त्याच्या चाहत्यांचा एक ऑनलाइन गट चालवतात. चार महिन्यांपूर्वी या गायकाने एका पक्षाच्या प्रचारसभेत एका समाजाबद्दल अत्यंत तुच्छतेने बोलून ‘या लोकांना इथे जागाच नको’ असं म्हटलं. खुलासा मागितल्यावर तेच पुन्हा, अधिक जोरात म्हटलं. गटात तट पडले. काही जण ‘गाणं वेगळं, राजकारण वेगळं’ म्हणतात, तर काही ‘अजून ऐकता म्हणजे तुम्हीही त्यातलेच’ म्हणतात. घरात १९ वर्षांची मुलगीही तेच बोलते. पुढच्या महिन्यात त्याचा कार्यक्रम आहे आणि दोन तिकिटं आधीच काढलेली आहेत. वडिलांच्या शेवटच्या आजारपणात याच गायकाची कॅसेट घरात रात्र-रात्र वाजत असे, त्यामुळे ती गाणी सोडवत नाहीत. ‘ऐकावं की सोडावं? तिकिटांचं काय करू? गट बंद करू का? आणि इतकी वर्षं मी या माणसाला ओळखलं कसं नाही?’ असं त्या विचारतात. ता. क. मध्ये त्यांनी लिहिलं आहे की त्या समाजातली एक जुनी सभासद काही न बोलता गटातून बाहेर पडली.

उत्तर

प्रिय ताई,

तुमचं पत्र वाचून झाल्यावर मी बराच वेळ त्या कॅसेटचाच विचार करत होते. दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं. टेप प्लेअरमध्ये अडकली, तुम्ही ती हलक्या हाताने सोडवलीत, पेन्सिल घालून परत गुंडाळलीत, आणि तेव्हापासून अंतऱ्याच्या दुसऱ्या ओळीला आवाज क्षणभर थरथरतो. वडिलांना झोप लागत नसे तेव्हा तुम्ही तीच बाजू लावायचात. आता फोनवर ते गाणं अगदी स्वच्छ ऐकू येतं, तरी त्या ओळीला तुमचे कान त्या थरथरीची वाट बघतात, असं तुम्ही लिहिलं आहे.

ताई, ती थरथर त्याने गायलेली नाही. ती तुमच्या घरात तयार झाली, तुमच्या हातून, तुमच्या वडिलांच्या उशाशी. तो सभेत काहीही बोलला तरी ती परत मागायला येऊ शकत नाही. तेव्हा ‘गाणी माझी राहिली का?’ या प्रश्नाने जी झोप उडाली आहे, ती तेवढ्यापुरती तरी परत यावी असं मला मनापासून वाटतं.

पण हे पत्र तुम्ही फक्त झोपेसाठी लिहिलेलं नाही, त्यामुळे पुढचं बोलते.

‘मी ओळखलं कसं नाही?’ या प्रश्नात एक गृहीत आहे. तुमची आणि त्याची ओळख होती, असं ते गृहीत. १९५६ साली डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अभ्यासकांनी रेडिओ-टीव्हीवरच्या माणसांशी श्रोत्या-प्रेक्षकांचं जे नातं जुळतं त्यावर एक लेख लिहिला. ऐकणाऱ्याला जवळीक अगदी खरी वाटते, पण समोरच्याला आपण आहोत हेही ठाऊक नसतं, हे त्यांनी तेव्हाच मांडलं होतं. २९ वर्षं तुम्ही त्याचा आवाज ओळखत होतात. तो श्वास कुठे घेतो, कुठला सूर लावताना किंचित थांबतो, हे तुम्ही डोळे मिटून सांगाल. पण तो शेजाऱ्याशी कसा वागतो, कोणाला माणूस मानतो आणि कोणाला नाही, हे कळायला तुमच्याकडे मार्गच नव्हता. तुमची पारख चुकली नाही. आवाजावरून माणूस कळतो ही समजूत आपल्या सगळ्यांचीच असते. माझीही होती. ज्याच्या गाण्यावर मी पोसले त्या एका गायकाची एक मुलाखत वाचली आणि पुढची दोन वर्षं मला त्याचा आवाज ऐकवला नाही. तेव्हा मीही स्वतःलाच दोष देत बसले होते. त्यातून हाती काहीच लागलं नाही.

तुमच्या पत्रात ‘वादग्रस्त’ हा शब्द पाच वेळा आला आहे. माझी विनंती आहे की काही दिवस तो बाजूला ठेवा. या एका शब्दात फार वेगवेगळ्या गोष्टी कोंबल्या जातात. १९९२ च्या ऑक्टोबरमध्ये आयर्लंडची गायिका शिनेड ओ’कॉनर हिने अमेरिकेतल्या टीव्हीवर पोपचा फोटो फाडला. चर्चमध्ये लहान मुलांवर होणाऱ्या अत्याचारांचा तो निषेध होता. पंधरवड्याच्या आत न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधल्या कार्यक्रमात श्रोत्यांच्या आरडाओरड्यात तिला गाणंच सुरू करता येईना. पुढे अनेक वर्षांनी त्या अत्याचारांच्या चौकश्या झाल्या, अहवाल आले, आणि तिच्यावर ओरडलेल्या कित्येकांना मान खाली घालावी लागली. आपल्याकडे आणीबाणीत सरकारी कार्यक्रमाला नकार दिला म्हणून १९७६ मध्ये किशोरकुमारची गाणी आकाशवाणीवरून गायब झाली होती. तेव्हाच्या सरकारच्या लेखी तोही वादग्रस्तच होता.

म्हणून आधी तो नेमकं काय बोलला ते एका कागदावर जसंच्या तसं लिहून काढा. कात्रण नको, कुणी काढलेला अर्थ नको, त्याचेच शब्द हवेत. मग विचारा: हा माझ्याशी असलेला मतभेद आहे, की कुणाला तरी माणसातून उठवणं आहे? कर किती असावा, मत कुणाला द्यावं, कुठला कायदा बरा, यावर गायकाचं आणि आपलं जुळलं नाही तर थोडी चिडचिड होईल, पण तेवढ्यासाठी नातं तोडायचं कारण नाही. तुम्ही त्याचं जे वाक्य पत्रात दिलं आहे ते मात्र दुसऱ्या प्रकारचं आहे. ‘या लोकांना इथे जागाच नको’ हा मतभेद नाही. तुम्हाला त्याचा त्रास होतो आहे यात तुमचा हळवेपणा नाही, हे मी स्पष्ट सांगते.

आता गटातल्या भांडणाकडे येते. एक बाजू म्हणते, आपण सोडलं की तो ताळ्यावर येईल. दुसरी म्हणते, त्याला काडीचा फरक पडणार नाही, मग कशाला? दोघांचाही हिशेब लोकप्रियतेचा आहे आणि तो हिशेब सरळ कधीच चालत नाही.

अमेरिकेतल्या डिक्सी चिक्स या तीन गायिकांचं बघा. मार्च २००३ मध्ये, इराकवरचा हल्ला तोंडावर आलेला असताना, लंडनच्या कार्यक्रमात त्यांच्यातली नॅटली मेन्स म्हणाली की अमेरिकेचे अध्यक्ष आमच्या टेक्सासचे आहेत याची आम्हाला लाज वाटते. त्या वेळी त्यांचं गाणं कंट्री संगीताच्या यादीत पहिलं होतं. काही दिवसांत ते खाली घसरलं, रेडिओ केंद्रांनी त्यांना वगळलं, एके ठिकाणी त्यांच्या सीडी ट्रॅक्टरखाली चिरडल्या, जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. संपल्या, असंच वाटत होतं. मग २००६ मध्ये त्यांचा नवा अल्बम आला आणि बिलबोर्ड या अमेरिकी संगीत-साप्ताहिकाच्या लोकप्रिय अल्बमांच्या मुख्य यादीत थेट पहिला आला. पुढच्या वर्षी त्यांना पाच ग्रॅमी मिळाले. कंट्री रेडिओने मात्र त्यांना परत जवळ केलं नाही. म्हणजे गेलेले श्रोते गेलेच, नवे आले. खुर्च्या भरल्या, पण त्यांवर बसलेले चेहरे बदलले.

कान्ये वेस्ट या अमेरिकी रॅपरचं उलट बाजूने बघा. ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याने ज्यूंविरुद्ध जी मुक्ताफळं उधळली, त्यानंतर आदिदाससारख्या कंपनीने महिना संपायच्या आत त्याच्याशी असलेला करार मोडला. आणि तरी २०२४ च्या सुरुवातीला आलेला त्याचा अल्बम त्याच यादीत पहिला होता. कंपन्या लवकर हात झटकतात, कारण त्यांना सगळ्यांनाच माल विकायचा असतो. श्रोता चिवट असतो. त्याच्या आवडीला आठवणी चिकटलेल्या असतात, तुमच्यासारख्याच. शिवाय लाडक्या माणसावर टीका झाली की बरेच जण टीकेतला मुद्दा न बघता आधी त्याच्या बाजूने उभे राहतात. मला याची फार काळजी वाटते. आवडीपोटी आपण गाण्याची बाजू घेतो, मग माणसाची, मग त्याच्या वाक्याची, आणि सहा महिन्यांनी ते वाक्य आपल्याच तोंडी असतं. तुमच्या गटातले काही जण या वाटेवर किती पुढे गेले आहेत ते तुम्ही पाठवलेल्या संदेशांवरून दिसतं. आधी ‘तो तसा नाही’, मग ‘त्याचा अर्थ तसा नव्हता’ आणि आता ‘बोलला त्यात चूक काय?’

म्हणून तुमचा निर्णय ‘त्याचं काय होईल’ यावर टांगू नका. ते तुमच्या हातात नाही. तुमच्या हातात तीन गोष्टी आहेत: कान, पैसे आणि तोंड. तिघांना एकच नियम लावायची गरज नाही.

कानांचं मी वर बोलले. ती जुनी कॅसेट वाजवली तर त्याला एक पैही जात नाही आणि जगात कुणालाही त्याचा जोर मिळत नाही. तुम्ही आणि तुमचे वडील, एवढंच तिथे आहे. निःशंकपणे ऐका. ऐकवत नसेल तर ऐकू नका, आणि ‘कायमची सोडली’ अशी शपथही घेऊ नका. काही गाणी आपोआप मागे पडतील, काही राहतील. हे गुपचूप घडू द्या.

पैशाचं थोडं समजून घ्यायला हवं. बहुतेक मोठ्या स्ट्रीमिंग सेवांमध्ये सगळ्यांच्या वर्गण्या एका ढिगात जमा होतात आणि एकूण ऐकण्याच्या प्रमाणात वाटल्या जातात. एका वेळच्या ऐकण्याचे गायकाच्या वाट्याला अगदी नगण्य पैसे येतात. त्याला खरा आधार मिळतो तो दौरे, कार्यक्रम, त्याच्या नावाच्या वस्तू आणि जाहिराती यांतून. तेव्हा मनाला बोचत असेल तर नवी तिकिटं काढू नका, नव्या वस्तू घेऊ नका. फोनवर एखादं जुनं गाणं लागलं म्हणून स्वतःला गुन्हेगार समजू नका. आणि एक गोष्ट हमखास चुकते, ती सगळ्याच वाचकांनी लक्षात ठेवावी. त्याच्या भाषणाची चित्रफीत ‘बघा किती वाईट’ म्हणून पुढे पाठवू नका. रागाने बघितलं तरी ते बघणंच मोजलं जातं.

तिकिटांचे पैसे गेलेलेच आहेत. त्यामुळे ‘वाया जातील’ हा मुद्दा मनातून काढा. प्रश्न एवढाच आहे की तो गाणी थांबवून मध्येच तेच बोलू लागला आणि आजूबाजूचे टाळ्या वाजवू लागले, तर तुम्ही त्या खुर्चीवर बसू शकाल का? चार महिन्यांत तो दोनदा बोलला आहे, तेव्हा तिसऱ्यांदा बोलणारच नाही असं धरून चालू नका.

इथे मला जुलै २००१ मधला जेरुसलेमचा प्रसंग आठवतो. रिचर्ड वाग्नर हा जर्मन संगीतकार ज्यूद्वेष्टा होता. १८५० साली त्याने ज्यू आणि संगीत या विषयावर विषारी निबंध लिहिला, आधी टोपणनावाने आणि मग १८६९ मध्ये उघडपणे स्वतःच्या नावाने. पुढे नाझींनी त्याला डोक्यावर घेतलं. इस्राएलमध्ये त्याचं संगीत वाजवायचं नाही असा अलिखित संकेत आहे. डॅनियल बारेनबॉइम या संगीत-संचालकाने ठरलेला कार्यक्रम संपल्यावर श्रोत्यांकडे वळून विचारलं: आता वाग्नर वाजवू का? ज्यांना नको असेल त्यांनी निघून जावं. सभागृहात अर्धा तास खडाजंगी झाली. काही जण ‘फॅसिस्ट’ म्हणून ओरडले, दारं आपटत बाहेर गेले. बहुतेक बसून राहिले, आणि वादन झालं. मला त्यात बारेनबॉइमचं विचारणं महत्त्वाचं वाटतं. गेलेल्यांच्या दुखण्याला त्याने जागा दिली आणि थांबलेल्यांनाही हलकं लेखलं नाही. आणि हेही खरं की वाग्नर तेव्हा मरून शंभरहून अधिक वर्षं झाली होती. तुमचा गायक जिवंत आहे, माईक हातात आहे, आणि ज्यांच्याबद्दल तो बोलतो तेही जिवंत आहेत. हा फरक लहान नाही.

माझं मत विचाराल तर मी जाणार नाही. तिकीट दुसऱ्याला विकणारही नाही, कारण मग खुर्ची भरतेच. पण तुम्हाला जावंसं वाटलं, एकदा प्रत्यक्ष ऐकून निरोप घ्यावासा वाटला, तर जा. दाराजवळची खुर्ची नसली तरी उठून बाहेर येता येतं, हे फक्त घरून निघतानाच ठरवून ठेवा.

राहिलं तोंड. माझ्या मते सगळ्यात जास्त जबाबदारी तिथेच आहे, कारण तुम्ही गट चालवता. तुम्ही गप्प आहात म्हणजे तटस्थ आहात असं तुम्हाला वाटतं. गटातल्यांना तसं वाटत नसणार. ‘इथे राजकारण आणू नका’ हा तुमचा नियम आधी चांगला होता. पण राजकारण त्याने आणलं, आणि आता त्या नियमाखाली फक्त दुखावलेल्यांचं तोंड बंद होतं.

गट बंद करू नका. १९७६ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या कार्यक्रमात एरिक क्लॅप्टन या गोऱ्या ब्रिटिश गिटारवादक-गायकाने बाहेरून आलेल्या कृष्णवर्णीय लोकांविरुद्ध भर स्टेजवरून गरळ ओकली. रेड साँडर्स नावाचा छायाचित्रकार त्याच्या संगीतावर प्रेम करणारा होता. त्याने आणि त्याच्या मित्रांनी संगीत साप्ताहिकांना पत्र लिहिलं: तुझं अर्धं संगीत कृष्णवर्णीयांचंच आहे, हे कबूल कर. बोचणारं होतं ते, कारण दोनच वर्षांपूर्वी जमैकाच्या बॉब मार्ले या कृष्णवर्णीय गायकाचं गाणं गाऊन क्लॅप्टन अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचला होता. त्याच पत्रातून ‘रॉक अगेन्स्ट रेसिझम’ ही चळवळ उभी राहिली आणि एप्रिल १९७८ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कात हजारो तरुण एकत्र गाणी ऐकायला जमले. क्लॅप्टन संपला नाही, त्याचे अल्बम पुढेही धडाक्याने खपले. आपल्या त्या वागण्याची लाज वाटते असं तो २०१८ मध्ये म्हणाला, म्हणजे चार दशकांनंतर. पण चाहत्यांनी त्याच्या माफीची वाट बघत चाळीस वर्षं घालवली नाहीत, हे मला फार मोलाचं वाटतं.

तुम्हाला चळवळ उभी करा असं मी म्हणत नाही. चार-पाच ओळी पुरेत. कुठल्याही गटाच्या चालकाला आपापल्या शब्दांत बदलून घेता येतील अशा लिहून देते:

‘आपण इथे गाण्यांसाठी जमलो. पण त्याने सभेत जे म्हटलं ते मला मान्य नाही. ज्यांच्याबद्दल म्हटलं ते आपल्यातलेच आहेत. त्या वाक्याची पाठराखण या गटात होणार नाही. जुनी गाणी ऐकणाऱ्याला कुणी जाब विचारू नये आणि ज्याला आता ती ऐकवत नाहीत त्याची कुणी टिंगल करू नये. त्याच्या नव्या कार्यक्रमांची जाहिरात मी इथून थांबवत आहे.’

काही जण रागावून जातील. जाऊ द्या. वाद घालत बसू नका, एकेकाला समजावत रात्री जागवू नका.

मुलीबद्दल थोडंच. ‘ऐकतेस म्हणजे तुला ते चालतं’ हे तिचं वाक्य टोकाचं आहे, पण त्यामागची काळजी अस्सल आहे. आपली आई कुठे उभी आहे हे तिला कळत नाहीये. वरचा संदेश गटात टाकण्याआधी तिला दाखवा. आणि तिला ती कॅसेट ऐकवा, आजोबांच्या त्या रात्रींबद्दल सांगा. माझा अंदाज आहे की तिला हे पुरतं माहीत नाही.

शेवटी ता. क. तुमचं पत्र सहा पानांचं आहे. त्यात साडेपाच पानं तो आहे. आणि गटातून निघून गेलेल्या त्या मैत्रिणीबद्दल तीन ओळी. त्याच ओळींत तुम्ही सांगता की तुमचे वडील गेले त्या रात्री तिनेच ते गाणं स्वतःच्या आवाजात गाऊन तुम्हाला पाठवलं होतं, आणि ते अजून तुमच्या फोनमध्ये आहे. ताई, ज्याला तुम्ही आहात हे ठाऊकही नाही त्याच्यासाठी चार महिने झोप गेली. जिने तुमच्यासाठी रात्री दोन वाजता गाणं म्हटलं, तिला ‘जागाच नको’ म्हणणारं वाक्य गटात फिरत होतं, लोक त्याला पसंतीचे अंगठे देत होते, आणि तिला कुणी विचारलं नाही. तुम्हीही नाही. हे तुम्हाला दुखवायला लिहीत नाही. पत्रात तुम्ही हे ता. क. म्हणून लिहिलंत, पण लिहिल्याशिवाय राहवलं नाही, यावरून मला वाटतं की तुम्हालाही ते आतून माहीत आहे.

तेव्हा तिकिटं, गट, कॅसेट या सगळ्याआधी तिला फोन करा. संदेश नको, फोनच. ‘मी त्याची गाणी ऐकू का?’ असं तिला विचारू नका. तुम्हाला मोकळं करायचं ओझं तिच्यावर टाकू नका. त्याच्याबद्दल बोलूच नका, ती बोलली तर ऐका. ‘तू गेलीस ते मी बघितलं, आणि तेव्हाच फोन करायला हवा होता’ एवढं म्हणा. ती तुटक बोलेल, कदाचित रागावेल. तिने फोन उचललाच नाही, तर दोन दिवसांनी पुन्हा लावा.